वाऱ्याचा डोळा : एका मोफत व्युत्पत्तिकोशाची पारख

व्युत्पत्तिकोश चांगला की वाईट, हे त्याची प्रस्तावना वाचून कळत नाही. रोजच्या वापरातला एखादा साधा शब्द घ्यावा, तो कोशात पाहावा, तेथून निघणारी प्रत्येक वाट शेवटपर्यंत चालावी आणि परतताना हाती काय राहिले ते मोजावे, अशी माझी पद्धत आहे. ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’ हा इंग्रजी शब्दांच्या उगमाचा कोश मी भाषांतराच्या कामात अनेक वर्षे वापरत आले आहे. पण वापरणे वेगळे आणि पारखणे वेगळे. या परीक्षणासाठी मी ‘विंडो’ हा एकच शब्द निवडला. एसटीतल्या विंडो सीटपासून तिकिटाच्या विंडोपर्यंत हा शब्द मराठीत इतका रुळलेला आहे की त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही. त्यातला ‘विंड’ म्हणजे वारा, हे शाळकरी मुलालाही सुचते. उरलेल्या ‘ओ’चे काय, हा प्रश्न मात्र मलाही फार उशिरा पडला; तोवर तो ‘डोअर’चा झिजलेला अवशेष असावा, असे मी मनाशी बिनदिक्कत धरून चालले होते.

कोशाची ओळख थोडक्यात करून देते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात लँकेस्टर या गावी राहणारे पत्रकार आणि इतिहासलेखक डग्लस हार्पर यांनी या शतकाच्या प्रारंभीच्या काळात हा कोश उभा करायला घेतला आणि त्याचा बराचसा भाग त्यांच्याच हातचा आहे. हार्पर यांनी नवे संशोधन केल्याचा दावा केलेला नाही. ऑक्सफर्डचा मोठा कोश, वीकली, क्लाइन आणि बार्नहार्ट यांचे व्युत्पत्तिकोश अशा छापील ग्रंथांतील माहिती एकत्र करून, तिची छाननी करून, ती सामान्य वाचकाला झेपेल अशा चार-सहा ओळींत मांडणे हे त्यांचे काम आहे. त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत, नाव नोंदवावे लागत नाही. जाहिराती मात्र दिसतात, आणि मोबाइलच्या लहान पडद्यावर त्या जरा अंगावर येतात.

आता ‘विंडो’ची नोंद. इसवी सन १२०० च्या सुमारास हा शब्द इंग्रजीत दिसू लागतो, तो स्कँडिनेव्हियातल्या प्राचीन नॉर्स भाषेतील ‘विन्दऔगा’वरून आला, ‘विन्द्र’ म्हणजे वारा आणि ‘औगा’ म्हणजे डोळा, म्हणजे हा ‘वाऱ्याचा डोळा’. त्याने जुन्या इंग्रजीतील ‘एआगथिर्ल’, म्हणजे डोळा-भोक, आणि ‘एआगदुरु’, म्हणजे डोळा-दार, या दोन शब्दांची जागा घेतली. मुळात हा शब्द छपरातल्या काचेविना असलेल्या भोकासाठी होता. पुढे बहुतेक जर्मानिक भाषांनी, म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच, नॉर्स ज्या कुळातल्या त्या भाषांनी, काचेच्या खिडकीसाठी लॅटिन ‘फेनेस्ट्रा’वरून शब्द घेतले, आणि इंग्रजीतही ‘फेनेस्टर’ हा शब्द सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जोडीने नांदत होता. एवढा ऐवज नोंदीच्या मोजक्या ओळींत बसवला आहे. वाक्ये कोरडी नाहीत, पण फाफटपसाराही नाही, आणि कोशकाराच्या अंगी असायला हवा तो संयम येथे पुरेपूर आहे. प्राचीन फ्रिजियन भाषेत खिडकीला ‘श्वासाचे दार’ अशा अर्थाचा शब्द होता, हे जाता जाता सांगून हार्पर पुढे जातात. तुलनेसाठी ठेवलेली अशी एखादी ओळ हीच या कोशाची खरी गंमत आहे.

माझा ‘डोअर’ येथेच निखळून पडला. ‘विंडो’तला ‘ओ’ हा डोळा आहे. नॉर्स ‘औगा’तील स्वरांमधला ‘ग’ मध्ययुगीन इंग्रजीत मऊ होत होत ‘व’सारख्या उच्चारापर्यंत आला आणि अखेरीस स्वरातच विरघळला. धनुष्यासाठी असलेला जुना ‘बोगा’ आज ‘बो’ झाला आणि पक्ष्यासाठीचा ‘फुगोल’ आज ‘फाउल’ झाला, तोच हा प्रकार. इंग्रजीचा स्वतःचा ‘एआग’ मात्र वेगळ्या वाटेने झिजला आणि ‘आय’ झाला. म्हणजे ‘आय’ आणि ‘विंडो’चे शेपूट हे मुळात एकच शब्द, एक घरचा, दुसरा समुद्रापलीकडून आलेल्या भाऊबंदांचा. ‘डेझी’ या फुलाच्या नावातही तोच घरचा डोळा आहे, कारण जुन्या इंग्रजीत ते फूल ‘दिवसाचा डोळा’ होते.

कोशाची रचना पारखायची तर नोंदीतल्या दुव्यांवरून पुढे जावे लागते. ‘विंड’वर गेले की पहिला अडथळा लागतो, कारण हे अक्षरसमूह इंग्रजीत एकाहून अधिक शब्दांचे आहेत. वारा हा अर्थ असलेले नाम वेगळे आणि पिळणे, गुंडाळणे हा अर्थ असलेले क्रियापद, ज्याचा उच्चार ‘वाइंड’ होतो, ते वेगळे. हार्पर त्यांना क्रमांक देऊन स्वतंत्र ठेवतात, तरी घाईत असलेला वाचक चुकीच्या दारात शिरू शकतो. वाऱ्याच्या नोंदीत आणखी एक मजेदार गोष्ट सांगितली आहे. या शब्दाचा उच्चारही नियमाने ‘वाइंड’ व्हायला हवा होता, आणि जुने कवी त्याचे यमक ‘माइंड’शी जुळवत, अठराव्या शतकात तो ऱ्हस्व झाला, बहुधा ‘विंडी’ या विशेषणाच्या प्रभावाने. त्यानंतर सगळी भावंडे रांगेने उभी केलेली दिसतात: जर्मन, डच आणि प्राचीन फ्रिजियन ‘विंड’, नॉर्स ‘विन्द्र’, गॉथिक ‘विन्द्स’; त्यांच्यामागे मूळ जर्मानिक रूप, डोक्यावर तारांकन घेऊन. तारांकनाचा अर्थ असा की हे रूप कोठेही लिहिलेले सापडलेले नाही, भावंडांच्या तोंडवळ्यावरून ते बांधले आहे. या खुणेकडे दुर्लक्ष करणाऱ्याने व्युत्पत्तीच्या वाटेला जाऊ नये.

त्याच्याही मागे ‘वाहणे, फुंकणे’ या अर्थाच्या भारत-युरोपीय धातूचे, म्हणजे संस्कृत, लॅटिन, इंग्रजी अशा भाषांच्या समान पूर्वज भाषेतल्या मूळ रूपाचे, स्वतंत्र पान आहे. मराठी वाचकाने थोडे थांबावे असे हे ठिकाण आहे. या पानावर ‘विंडो’, ‘वेदर’, ‘व्हेंटिलेट’ आणि पंख या अर्थाचा ‘विंग’ यांच्या पंगतीत ‘निर्वाण’ हा शब्द बसलेला आहे. ‘निर्’ आणि ‘वा’ म्हणजे फुंकर बसून विझणे. संस्कृत ‘वात’ आणि ‘वायू’ त्याच धातूचे. डोळ्याच्या धातूचेही असेच पान आहे, आणि तेथे लॅटिन ‘ऑक्युलस’बरोबर संस्कृत ‘अक्षि’ भेटतो. एवढे कळल्यावर मला आपल्याकडच्या दोन जुन्या शब्दांची आठवण झाली. संस्कृतात खिडकीला ‘वातायन’ म्हणतात, वाऱ्याची जाण्यायेण्याची वाट. आणि ‘गवाक्ष’ म्हणतात, गाईचा किंवा बैलाचा डोळा. मराठीत दोन्ही शब्द निदान ग्रंथांत जिवंत आहेत. ‘वातायन’मधला वात आणि ‘गवाक्ष’मधला अक्ष एकत्र केले तर जे होईल, तेच शब्दशः नॉर्स लोकांनी केले होते. कोणी कोणाचे उचललेले नाही; भिंतीला भोक पडले की माणसाला डोळा आणि वारा या दोनच गोष्टी सुचतात, एवढाच त्याचा अर्थ.

नॉर्स शब्द इंग्रजीत शिरला कसा, याबाबत कोशाची नोंद काही बोलत नाही, आणि चार-सहा ओळींच्या चौकटीत ते अपेक्षितही नाही. पण ही पार्श्वभूमी ठाऊक नसेल तर ‘जागा घेतली’ हे दोन शब्द फसवे ठरतात. इसवी सन ७९३ मध्ये इंग्लंडमधल्या लिंडिसफार्नच्या मठावर व्हायकिंगांचा, म्हणजे नॉर्स बोलणाऱ्या समुद्री लुटारूंचा, हल्ला झाला, ८६६ मध्ये यॉर्क त्यांच्या हाती गेले, १०१६ मध्ये तर डेन्मार्कचा क्नूट इंग्लंडचा राजा झाला. उत्तर आणि पूर्व इंग्लंडात दोन्ही लोक शेजारी शेजारी नांदले, आणि त्यांच्या भाषा एकमेकींच्या इतक्या जवळच्या होत्या की व्यवहार बहुधा दुभाष्याविना चालत असावा. म्हणून तर आकाशासाठी ‘स्काय’, अंड्यासाठी ‘एग’, सुरीसाठी ‘नाइफ’, नवऱ्यासाठी ‘हजबंड’, इतकेच काय ‘ते’ या अर्थाचे सर्वनाम ‘दे’ही इंग्रजीने नॉर्समधून घेतले. सर्वनाम सहसा कोणी उसने घेत नाही. ज्याच्याशी रोज चुलीपाशी बोलणे होते त्याचेच घेतले जाते. खिडकीही त्याच घरगुती व्यवहारातली. आणि तरीही लेखी नोंद १२०० च्या सुमारास सापडते, म्हणजे क्नूटनंतर जवळजवळ दोन शतकांनी. बोलण्यात आलेला शब्द कागदावर यायला एवढा काळ लागू शकतो. कोशातला सन हा शब्दाचा जन्मदिनांक नव्हे. तो पहिल्यांदा कोणाच्या हातून लिहिला जाऊन टिकला, त्याचा तो सन. सामान्य वाचक नेमका येथे चुकतो, आणि हार्पर यांनी नोंदीतच एखाद्या शब्दाने सावध केले असते तर बरे झाले असते.

एक गंमत येथे सांगायलाच हवी. नॉर्सची सर्वांत निष्ठावान लेक म्हणजे आइसलँडिक. तिच्यात आज खिडकीला ‘ग्लुग्गी’ हा वेगळाच शब्द रोजच्या वापरात आहे. स्वीडिशने लॅटिन घराण्याचा शब्द स्वीकारला. डॅनिशमध्ये ‘विन्दुए’ आहे, नॉर्वेच्या नूनोर्स्क या लेखनपद्धतीत तर वारा आणि डोळा अजून स्पष्ट दिसतात. पण ज्या इंग्रजीचा नॉर्सवर जन्मसिद्ध हक्क नव्हता, तिने हा शब्द जगभर नेला.

लॅटिन शब्द का पसरला, याचे उत्तर भाषेत नाही, काचेत आहे. रोमनांकडे काचेच्या खिडक्या होत्या, उत्तरेकडील लोकांकडे नव्हत्या. बीड या इंग्रज मठवासी इतिहासकाराने नोंदवले आहे, की ६७४ मध्ये स्थापन झालेल्या मंकवेअरमथच्या मठासाठी बेनेडिक्ट बिस्कप याने गॉलमधून, म्हणजे आजच्या फ्रान्समधून, काच करणारे कारागीर मागवले, कारण ही विद्या तेव्हा ब्रिटनमध्ये कोणाला येत नव्हती. वस्तू बाहेरून आली की शब्द तिच्या पाठोपाठ येतो. आपल्याकडेही ‘खिडकी’ होतीच, तरी काचेच्या चौकटीला आपण ‘तावदान’ म्हणतो, आणि तो शब्द फारसी ‘ताबदान’वरून आला आहे. जर्मन ‘फेन्स्टर’ आणि मराठी ‘तावदान’ यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण दोघांची कहाणी एकच आहे. इंग्रजीत मात्र काच आली, लॅटिन शब्दही आला, काही शतके राहिला, आणि शेवटी वाऱ्याच्या डोळ्यापुढे हरला. हे का घडले असावे, याचा ऊहापोह कोश करत नाही. एक वाक्य, आणि पुढची नोंद.

येथपर्यंत कोशाने दिलेले सगळे मी प्रमाण मानले. पारख खरी येथून पुढे सुरू झाली, कारण नोंदीत निष्कर्ष आहेत, पुरावे नाहीत. ‘एआगथिर्ल’ हा शब्द कोणत्या ग्रंथात, कोणत्या वाक्यात आला, हे हार्पर सांगत नाहीत. त्यासाठी बॉसवर्थ आणि टॉलर यांच्या अँग्लो-सॅक्सन, म्हणजे जुन्या इंग्रजीच्या, कोशाकडे जावे लागते. जोसेफ बॉसवर्थ यांच्या हस्तलिखितांवरून टॉलर यांनी पूर्ण केलेला हा कोश १८९८ मध्ये निघाला आणि १९२१ मध्ये त्याला पुरवणी जोडली गेली. आज तो प्रागच्या चार्ल्स विद्यापीठाने आंतरजालावर मोफत ठेवला आहे. प्राग हे या शब्दासाठी फारच समर्पक शहर, कारण २३ मे १६१८ रोजी तेथल्या किल्ल्याच्या खिडकीतून राजाचे दोन प्रतिनिधी आणि त्यांचा लेखनिक यांना बाहेर फेकण्यात आले, तिघेही वाचले, आणि त्यातून तीस वर्षांच्या युद्धाला तोंड फुटले. या कृत्यासाठी इंग्रजीत जो ‘डिफेनेस्ट्रेशन’ शब्द वापरतात, त्यात ती हरलेली लॅटिन खिडकी अजून अडकून आहे. घरातून गेली, ती फेकाफेकीपुरती उरली.

बॉसवर्थ-टॉलरमध्ये शब्द शोधताना वेगळ्या अक्षरांचा आणि वेगवेगळ्या लेखनरूपांचा त्रास होतो, आणि स्पष्टीकरणांत लॅटिन पुष्कळ आहे. तरीही तेथे अवतरणे आहेत, शब्द वाक्यात बसलेला दिसतो. हार्पर यांच्या नोंदीत जुन्या इंग्रजीचे शब्द बहुधा दीर्घत्वाच्या खुणांविना छापलेले असतात. वाचनाला ते सोपे, पण ‘एआग’मधला संयुक्त स्वर दीर्घ होता की ऱ्हस्व यावर पुढच्या ध्वनिबदलाचा हिशेब अवलंबून असतो, आणि तो हिशेब ज्याला स्वतः करायचा आहे त्याची येथे अडचण होते.

याहून मागे जायचे तर गॉथिक, ही आता लोप पावलेली जर्मानिक भाषा. चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपने बायबलचे गॉथिकमध्ये भाषांतर केले, आणि जर्मानिक भाषांमधला सलग असा सर्वांत जुना मोठा मजकूर तोच आहे. त्याचा टिकलेला पाठ अँटवर्प विद्यापीठाच्या प्रकल्पाने शब्दन् शब्द पृथक्करण करून मोफत उपलब्ध केला आहे. तेथे खिडकी सापडते ती ख्रिस्ती धर्मप्रचारक पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, अकराव्या अध्यायाच्या अखेरीस. दमास्कसमध्ये पकडण्यासाठी टपलेल्यांच्या हातून निसटताना पौलाला टोपलीत बसवून तटबंदीतल्या खिडकीतून खाली सोडले, तो हा प्रसंग. गॉथिकमध्ये तेथे ‘औगदौरो’ असा शब्द आहे: ‘औगो’ म्हणजे डोळा आणि ‘दौर’ म्हणजे दार. या पत्राची गॉथिक पाने मिलानच्या अँब्रोसियन ग्रंथालयात आहेत. मूळ अक्षरे खरवडून त्यांवर दुसराच मजकूर लिहिला गेला होता, आणि १८१७ मध्ये इटालियन विद्वान अँजेलो माय यांच्या नजरेला खालची गॉथिक अक्षरे पडली.

हा ‘औगदौरो’ पाहिल्यावर हार्पर यांच्या नोंदीतला ‘एआगदुरु’ एकदम बोलू लागतो. जुन्या इंग्रजीतले डोळा-दार आणि गॉथिकमधले डोळा-दार हा तोच समास आहे, आणि प्राचीन उच्च जर्मनमध्येही त्याचा जोडीदार सापडतो. म्हणजे खिडकीला डोळ्याचे दार म्हणण्याची रीत अनेक जर्मानिक भाषांत होती, नॉर्समध्ये वाऱ्याचा डोळा हे नाव चालले, आणि इंग्रजीने नंतर त्या नॉर्स नावापुढे आपले जुने नाव टाकून दिले. माझी ‘डोअर’ची समजूत ‘विंडो’पुरती चूक होती; पण इंग्रजीने जो शब्द फेकून दिला, त्यात ते दार खरोखरच होते.

तो दुसरा टाकलेला शब्द, ‘एआगथिर्ल’, त्याचा उत्तरार्ध मात्र पुरता मेला नाही. ‘थिर्ल’ म्हणजे भोक. जुन्या इंग्रजीत नाकपुडी म्हणजे ‘नोसथिर्ल’, नाकाचे भोक, आणि तेच आजचे ‘नॉस्ट्रिल’. कोशात ‘नॉस्ट्रिल’ पाहिले की हा दुवा व्यवस्थित मिळतो. तेथून ‘थ्रिल’पर्यंतही जाता येते, कारण थ्रिल म्हणजे मुळात आरपार भोसकणे. नोंदीनोंदींमधली ही वीण इतकी घट्ट आहे की एका शब्दासाठी बसलेला माणूस तासाभराने भलत्याच शब्दावर सापडतो. छापील कोशात हे पाने उलटून करता येते, पण करत कोणी नाही.

मराठी वाचकाला एक सूचना कळकळीने करावीशी वाटते. गॉथिक ‘दौर’, इंग्रजी ‘डोअर’, ग्रीक ‘थीरा’, लॅटिन ‘फोरेस’ आणि संस्कृत ‘द्वार’ ही सगळी भावंडे आहेत. आपल्याकडे असे काही दिसले, की इंग्रजी शब्द संस्कृतातून निघाला, असे म्हणण्याचा मोह होतो, आणि तशी वाक्ये रोज फिरत असतात. हा कोश तसे कोठेही म्हणत नाही, आणि त्याच्या धातूंच्या पानांवर संस्कृत शब्द असतो तो साक्षीदार म्हणून. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्याला दिलेल्या व्याख्यानातही या भाषांचा उगम कदाचित आता अस्तित्वात नसलेल्या एका समान भाषेत असावा, असेच म्हटले होते. किंबहुना ‘द्वार’च्या बाबतीत संस्कृतच थोडी वाकडी चालली आहे. ग्रीकचा ‘थ’, लॅटिनचा ‘फ’ आणि जर्मानिकचा ‘द’ एकत्र ठेवले तर मूळ व्यंजन ‘ध’ असले पाहिजे, म्हणजे संस्कृतात ‘ध्वार’ यायला हवे होते. दाराला दोन फळ्या असतात म्हणून ‘द्वि’च्या ओढीने ‘ध’चा ‘द’ झाला असावा, असे स्पष्टीकरण अभ्यासक देतात. डोळ्याच्या बाबतीत जर्मानिकने वाकडी वाट घेतली. ‘औ’ हा स्वर तेथे नियमाने येत नाही, आणि जर्मानिक रूप अनियमितपणे घडलेले दिसते हे हार्पर आपल्या नोंदीत प्रामाणिकपणे सांगतात. जेथे गाठ सुटत नाही तेथे ती सुटली असे न दाखवणे, हा माझ्या मते या कोशाचा सर्वांत मोठा गुण आहे.

दोष म्हणावा तर धातूंच्या लेखनाचा. भारत-युरोपीय धातू येथे जुन्या, सोप्या पद्धतीने लिहिलेले आहेत. स्विस भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरने १८७९ मध्ये तर्काने मांडलेले आणि पुढे आजच्या तुर्कस्तानातल्या प्राचीन हित्ती भाषेत प्रत्यक्ष आढळलेले जे घशातले (‘लॅरिंजिअल’) ध्वनी आज बहुतेक अभ्यासक क्रमांकांनी दाखवतात, ते येथे नाहीत. भाषाशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने धातू येथून उतरवून घेऊ नयेत. परीक्षक ते खपवून घेणार नाहीत. वर्तमानपत्रात सदर लिहिणारा, भाषांतरकार, शब्दांची हौस असलेला माणूस, यांचे त्यावाचून काही अडत नाही.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाशी तुलना अटळ आहे, पण ती न्याय्य नाही. तो कोश १८८४ ते १९२८ अशी चव्वेचाळीस वर्षे भागाभागांनी निघाला, १९८९ ची दुसरी आवृत्ती वीस खंडांची आहे, आणि त्यातली प्रत्येक अर्थछटा सनवार अवतरणांनी पक्की केलेली आहे. ‘विंडो’चा ‘डब्ल्यू’ हे त्या कोशातले शेवटी शेवटी हातावेगळे झालेले अक्षर. पुढे कादंबरीकार म्हणून जगप्रसिद्ध झालेले टॉल्किन १९१९-२० च्या सुमारास याच अक्षराच्या जर्मानिक शब्दांवर तेथे नोकरीला होते. पुरावा हवा असेल तर शेवटी तेथेच जावे लागते. मात्र त्याची आंतरजालावरची आवृत्ती वर्गणी भरणाऱ्यांसाठी आहे. मी ज्या ग्रंथालयाच्या सभासदत्वावर ती पाहते, तेथे परवलीचा शब्द चालेनासा झाल्याने ऐन कामाच्या वेळी मला पंधरा दिवस ताटकळावे लागले. त्या पंधरा दिवसांत हार्पर यांच्या कोशावर आणि प्राग-अँटवर्पच्या दोन मोफत साधनांवर माझे काम भागले, हेही नमूद करायला हवे.

मराठीसाठी असे काय आहे, हा प्रश्न साहजिक आहे. कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ १९४६ चा; मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि टर्नरचा भारतीय आर्य भाषांचा तौलनिक कोश शिकागो विद्यापीठाच्या संग्रहात मोफत शोधता येतात. ही सामग्री थोडी नाही. पण ‘तावदान’वर बोट ठेवले की ‘ताबदान’, तेथून फारसी घराणे, तेथून पुन्हा मराठीतली त्याची इतर भावंडे, असा प्रवास एका बैठकीत घडवणारे साधन मी तरी पाहिलेले नाही, आणि पेनसिल्व्हेनियातल्या एका पत्रकाराने सुरू केलेल्या कोशासमोर बसले की ही उणीव अधिकच टोचते.

पाचापैकी गुण द्यायचे तर साडेचार देईन. अर्धा गुण कापला तो अवतरणांच्या अभावासाठी आणि दीर्घत्वाच्या खुणा गाळल्याबद्दल. ज्यांना पहिल्यांदाच वापरून पाहायचे आहे त्यांनी ‘विंडो’ऐवजी ‘लॉर्ड’ पाहावा, म्हणजे पाव आणि रखवालदार यांची गाठ कोठे पडते ते दिसेल. मात्र जेवायची वेळ जवळ आलेली असताना बसू नये.